अंड्यांवर बसलेली अजगराची मादी पावसाळ्यात झटके देते, हा आजार समजावा काय?

काजूबाग_कुडाळ
१७ जून

नमस्कार. आमची कुडाळ तालुक्यात सुमारे दीड एकराची काजूची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला चिऱ्यांचा जुना गडगा असून त्याच्या कोसळलेल्या भागाखाली साळिंदराने पूर्वी केव्हातरी उकरलेले एक बीळ आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पालापाचोळा गोळा करत असताना त्या बिळाच्या तोंडापासून हातभर आत अजगराची मोठी मादी वेटोळे घालून बसलेली दिसली, आणि वेटोळ्याच्या फटीतून एकमेकांना चिकटलेली पांढरी अंडीही दिसली. तेव्हापासून मी रोज सकाळी आणि संध्याकाळी सात-आठ हातांच्या अंतरावरून पाहतो, त्याहून जवळ जात नाही.

पाऊस सुरू होईपर्यंत ती दगडासारखी निश्चल असे. मिरगाचा पाऊस लागल्यापासून मात्र तिचे अंग थोड्या थोड्या वेळाने उचकी लागल्यासारखे आकसते. एका पावसाळी सकाळी मी मोजले, तेव्हा एका मिनिटात दहा-बारा झटके आले. दोन दिवसांची उघडीप मिळाली, ऊन पडले, तेव्हा ते जवळजवळ थांबले होते. माझ्या समजुतीप्रमाणे महिनाभर तिच्या पोटात काहीही गेलेले नाही. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की ती मरणाला टेकली आहे, तेव्हा तिला हलवावे आणि अंडी कोणा सर्पमित्राच्या हवाली करावीत. एक ओळखीचे गृहस्थ उद्याच येऊन अंडी नेण्यास तयार आहेत. वाडीतली मुले शाळेला त्याच वाटेने जातात, हीदेखील एक काळजी आहे.

ती खरोखर आजारी आहे काय? तिच्यासाठी एखादी कोंबडी ठेवावी काय? आणि अंडी हलवणे योग्य ठरेल काय? कृपया जाणकारांनी लवकर सांगावे.

---

जीवशास्त्र_शिक्षक
१७ जून

सर्वप्रथम, उद्या येणाऱ्या गृहस्थांना आजच नको म्हणून कळवावे. आपण जे पाहिले आहे तो आजार नाही. ती मादी आपल्या अंड्यांना ऊब देत आहे, आणि पावसाबरोबर झटके वाढले व उन्हाबरोबर थांबले हे आपले निरीक्षण त्याचा उत्तम पुरावा आहे.

साप स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून तापमान राखत नाहीत. ऊन, तापलेला दगड, बिळातली उबदार माती यांच्यावर ते अवलंबून असतात. अजगरांच्या काही जातींच्या माद्या मात्र अंडी उबवण्याच्या काळापुरत्या या नियमाला अपवाद ठरतात. त्या अंड्यांच्या ढिगाभोवती वेटोळे घालतात आणि अंगाचे स्नायू लयीत आकुंचित करून उष्णता निर्माण करतात. थंडीत माणसाला हुडहुडी भरते तेव्हा त्याच्या शरीरात जे घडते, तेच येथे घडते. १८३० च्या दशकात भारतातून परतलेल्या लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने अजगराची मादी अंडी उबवते असे पॅरिसच्या विद्वानांना सांगितले, तेव्हा त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच वनस्पती उद्यानातील प्राणिसंग्रहात एका अजगर मादीने अंडी घातली आणि व्हालॉन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने तापमापक घेऊन तिची ऊब मोजली, तेव्हा लामार-पिकोचे म्हणणे खरे ठरले. त्यानंतर १९६६ मध्ये हचिसन, डाउलिंग आणि विनेगर या संशोधकांनी उबवणाऱ्या मादीच्या शरीराचे तापमान आणि ती वापरत असलेला प्राणवायू यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. भोवतालचे तापमान ३३ अंश सेल्सियसच्या खाली गेले की स्नायूंचे झटके सुरू होतात आणि त्यासोबत प्राणवायूचा वापर व अंगाचे तापमान दोन्ही वाढतात, असे त्यांना आढळले. ती मादी ब्रह्मदेशी अजगराची होती. त्या काळी ब्रह्मदेशी अजगर हा आपल्या भारतीय अजगराचाच उपप्रकार मानला जाई. २००९ मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा देण्यात आला. उबवताना झटके देण्याची ही वागणूक दोन्ही जातींत आहे.

आता हे आपल्या गडग्याला लावून पाहा. मे महिन्यात कोकणातला चिरा दिवसभर तापतो आणि रात्रीही लवकर निवत नाही, त्यामुळे तिला स्वतः काही करण्याची गरज नव्हती. पाऊस लागला, दगड-माती भिजली, हवा २५-२७ अंशांवर आली. आतल्या भ्रूणांची वाढ नीट होण्यास साधारण ३० ते ३३ अंशांचे तापमान लागते. ते फार दिवस खाली राहिले तर पिल्ले व्यंग घेऊन जन्मतात किंवा अंड्यातच मरतात. त्यामुळे पाऊस लागल्यापासून तिचे काम सुरू झाले आहे. या श्रमाला लागणारी सारी शक्ती तिच्या अंगातल्या चरबीतून येते, कारण या काळात ती बहुधा काहीच खात नाही. अंडी फुटतात तेव्हा मादी चांगलीच रोडावलेली असते, आणि पुष्कळ माद्या लागोपाठच्या वर्षी अंडी घालू शकत नाहीत.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ही युक्ती सगळ्याच अजगरांना साधलेली नाही. दक्षिण आफ्रिकेतील अजगराची मादी झटके देत नाही. ती बिळाबाहेर येऊन ऊन खाते, अंग तापले की आत परतून अंड्यांना मिठी मारते, आणि ऊन अधिक शोषले जावे म्हणून त्या दिवसांत तिचा रंगही काळपट होतो. तिथल्या माद्या पिल्ले बाहेर पडल्यावरही सुमारे दोन आठवडे त्यांच्यासोबत राहतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आपल्याकडे मादीने अंडी सोडून उन्हाला जायचे म्हटले तरी जूनमध्ये ऊन असते कोठे?

---

सडा_आणि_कातळ
१८ जून

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. अंडी हलवण्याविषयी मात्र अधिक स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण चांगल्या हेतूने होणारी ही चूक मी स्वतः एकदा केलेली आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका विहिरीच्या खोदकामात सापडलेली अजगराची अंडी आम्ही काही जणांनी माती आणि भुसा भरलेल्या खोक्यात घालून नेली. अंडी एकमेकांना चिकटलेली होती. ती आम्ही सोडवली आणि सोडवताना कोणते अंडे कोणत्या बाजूने वर होते याकडे कोणीही लक्ष दिले नाही. पक्ष्यांच्या अंड्यांप्रमाणे ही अंडी उलटसुलट केलेली चालत नाहीत, हे आम्हाला ठाऊक नव्हते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात भ्रूण लवकरच कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून वाढू लागतो, आणि त्यानंतर अंडे उलटे झाले तर तो बहुधा मरतो. त्या खोक्यातून एकही पिल्लू बाहेर पडले नाही. ते खोके उघडून पाहिल्याचा दिवस मी अद्याप विसरलेलो नाही, म्हणूनच हे लिहीत आहे.

शिवाय मादी केवळ ऊब देते असे नाही. अंड्याचे कवच कातड्यासारखे मऊ असते आणि त्यातून पाणी सहज उडून जाते. घट्ट वेटोळ्यामुळे ते टिकते, आणि मधून मधून वेटोळे सैल करून ती अंड्यांना हवाही देते. ऑस्ट्रेलियातील एका लहान जातीच्या अजगरावर केलेल्या प्रयोगांत हा तोल मादी कसा सांभाळते हे सविस्तर तपासले गेले आहे. खोक्यात ठेवलेल्या अंड्यांसाठी हे सारे माणसाला करावे लागते, आणि ते अनुभवी माणसालाच जमते. जागा खरोखरच उद्ध्वस्त होणार असेल, तर वन विभागाच्या देखरेखीखाली तोही मार्ग घ्यावा लागतो. आपल्या बागेत तसे काहीच कारण दिसत नाही.

कायद्याची बाजूही शेजाऱ्यांना सांगावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतीय अजगर अनुसूची १ मध्ये आहे. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या पुष्कळ व्यापक असून प्राणी पकडणे तर तीत येतेच, पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूस करणे, इतकेच नव्हे तर अंडी वा घरटे विस्कटणे हेदेखील शिकारीतच मोडते. त्याची शिक्षा ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची आणि दंडाची आहे. अंडी नेणारा माणूस कितीही भला असला तरी वन विभागाच्या परवानगीवाचून तो ती नेऊ शकत नाही. आपण १९२६ या क्रमांकावर वन विभागाला कळवावे, किंवा थेट आपल्या भागातील वनपालांना भेटून या जागेची नोंद करून घ्यावी. एकदा नोंद झाली की वाडीतला विरोधही बराच निवळतो, असा माझा अनुभव आहे.

एक मात्र तपासावे: बिळात पाणी शिरते काय? शिरत असेल तर बिळाला हात न लावता, वरच्या अंगाला आठ-दहा हातांवर एक उथळ चर काढून पाणी बाजूला वळवावे.

---

माळावरची_धनगरीण
१८ जून

कोंबडी ठेवू नये. उबवणारी मादी बहुधा तिला तोंड लावणार नाही, आणि कोंबडीच्या वासाने मुंगूस, घोरपड, रानडुक्कर यांना मात्र अंड्यांचा ठावठिकाणा लागेल.

आपल्याला जी उपासमार वाटते ती अजगराच्या बाबतीत नित्याची गोष्ट आहे, आणि त्याचे शरीरच त्यासाठी घडलेले आहे. तो दडून बसतो, वाट पाहतो. वरच्या ओठांवरच्या खाचांनी त्याला उबदार प्राण्याची चाहूल अंधारातही लागते. भक्ष्य मिळाले नाही तर तो अनेक आठवडे, कधी काही महिनेही, तसाच राहतो. त्या काळात त्याचे आतडे आणि इतर अवयव जणू अर्धे मिटलेले असतात. ब्रह्मदेशी अजगरावर झालेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की मोठे भक्ष्य गिळल्यानंतर शरीराचा चयापचय तिपटी-चौपटीने नव्हे, तर चाळीस पटींपर्यंत वाढतो, आणि दोन दिवसांत हृदयाच्या मुख्य कप्प्याचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. पचन संपले की सारे पुन्हा पूर्ववत होते. माणसाचे हृदय रोगाने मोठे होते तसे हे नव्हे. म्हणूनच हृदयविकाराचे संशोधक या सापाकडे इतक्या आस्थेने पाहतात. अवधूताने आपल्या चोवीस गुरूंमध्ये अजगराची गणना केली ती मिळेल त्यावर संतुष्ट राहण्याच्या गुणासाठी. त्या समाधानामागे इतके काम चालते हे वाचल्यावर मला त्या गुरूविषयी अधिकच आदर वाटू लागला.

माझे माहेर शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांचे आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडते. ‘अजगर’ या शब्दाचाच अर्थ बोकड गिळणारा असा आहे, आणि तो काही खोटा नाही. लहानपणी ओढ्याकाठी अजगराने धरलेले करडू मी पाहिले आहे. लोक धावले, काठ्या आपटल्या, आरडाओरडा केला. अर्ध्या तासाने अजगराने गिळलेले करडू बाहेर टाकले आणि तो झुडपात गेला. भरल्या पोटाने त्याला पळता येत नाही, म्हणून भ्याला की तो भक्ष्य ओकून टाकतो. करडू तर आधीच मेलेले होते. आमच्या घरचे नुकसान टळले नाही, आणि त्या जनावराची महिनाभराची बेगमी मात्र गेली. तेव्हा शेळी-करडे रात्री कुडाच्या आत, कोंबड्या खाली फट नसलेल्या खुराड्यात, आणि उन्हाळ्यात पाणवठ्याशी करडे एकटी सोडू नयेत. याहून वेगळा उपाय आमच्या आजोबांकडेही नव्हता.

---

काजूबाग_कुडाळ
१९ जून

आपण सर्वांनी इतक्या तत्परतेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. अंडी नेण्याचा बेत रद्द केला आहे. वनरक्षक आज येऊन पाहून गेले आणि त्यांनी नोंद घेतली. वरच्या बाजूने चरही काढला. शेजाऱ्यांचा एक प्रश्न अजून उरला आहे: पिल्ले बाहेर पडली की बागभर अजगर होतील, मग काय करावे? आणि लहान मुलांना धोका किती?

---

दवाखान्यातून
२० जून

मी ग्रामीण रुग्णालयात अनेक वर्षे काम केले आहे, आणि आपल्या या शेवटच्या प्रश्नासाठीच लिहीत आहे. अजगराच्या पिल्लांपासून मुलांना असलेला खरा धोका पिल्लांच्या दातांतून येत नाही. तो घोणशीमुळे येतो.

आमच्याकडे सर्पदंशाचे जे रुग्ण येत, त्यांपैकी काहींनी ‘अजगराचे पिल्लू’ समजून साप हाताने उचललेला असे, आणि तो साप घोणस असे. घोणशीचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाऊ लागते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. बागेत अजगराची पिल्ले निघाल्याची बातमी वाडीत पसरेल तेव्हा प्रत्येक जाडसर, ठिपकेदार साप मुलांना अजगराचेच पिल्लू वाटेल. म्हणून मोठ्यांनी आधीच फरक समजावून सांगावा. घोणशीच्या पाठीवर गडद काठ असलेल्या गोल-लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीसारख्या सरळ चालतात. अजगराच्या अंगावरचे पट्टे वेडेवाकडे, नकाशातल्या बेटांसारखे असतात. घोणशीचे खवले खरखरीत व मंद, अजगराचे गुळगुळीत आणि उन्हात चमकणारे. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार टाकते. हे सारे दुरून ओळखण्यासाठी आहे; ओळख पटली असे वाटले तरी हात कोणत्याही सापाला लावायचा नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, घट्ट आवळणे यांपैकी काहीही न करता, तो अवयव हलू न देता रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष एकच आहे, त्यामुळे साप पकडून आणण्याची गरज नसते.

मोठ्या मादीविषयी विचाराल तर, भारतीय अजगर सर्वसाधारणपणे तीन मीटरच्या आसपास भरतो. चार मीटरांवरचा क्वचितच दिसतो. माणूस गिळल्याच्या ज्या बातम्या आपण ऐकतो, उदाहरणार्थ २०१७ मधील सुलावेसी बेटावरची घटना, त्या इंडोनेशियातल्या जाळीदार अजगराच्या आहेत, आणि तो साप याहून कितीतरी लांब होतो. तरीही अंड्यांवर बसलेली मादी डिवचली तर चावते. तिला विष नसले तरी आत वळलेल्या दातांनी जखम खोल होते आणि हात ओढून घेतल्यास ती अधिक फाटते. शाळेची वाट महिनाभरासाठी वीस-पंचवीस हातांनी बाजूला वळवावी, आणि अगदी लहान मुलांना त्या भागात एकटे पाठवू नये.

---

जीवशास्त्र_शिक्षक
२० जून

बागभर अजगर होणार नाहीत. भारतीय अजगराची अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात. म्हणजे आपल्याकडे जुलैच्या मध्यापासून पुढे लक्ष ठेवावे. पिल्लू हात-सव्वा हात लांबीचे, जन्मतःच स्वतंत्र असते. आई त्याला भरवत नाही. उंदीर, सरडे, बेडूक यांच्यावर ते जगते आणि स्वतः घार, घोरपड, मुंगूस यांचे भक्ष्य होते. एका वेळच्या अंड्यांतून मोठी होणारी पिल्ले फार थोडी. शेजाऱ्यांच्या भातखाचरांत उंदरांचा त्रास असेलच. त्या उंदरांवर ही पिल्ले काही प्रमाणात गुजराण करतील, हेही त्यांना सांगावे.

एक विनंती आहे. आपल्याकडे साधा तापमापक असेल तर बिळापासून दूर, सावलीत टांगावा आणि रोज एकाच वेळी तापमान व मिनिटाला येणारे झटके वहीत लिहून ठेवावेत. राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात साळिंदराच्या बिळांत राहणाऱ्या अजगरांचा पुष्कळ अभ्यास झाला आहे, पण तो प्रदेश कोरडा. कोकणच्या पावसात रोज केलेल्या अशा नोंदीचे मोल वेगळेच आहे.

---

काजूबाग_कुडाळ
२६ जुलै

वहीतली शेवटची नोंद येथे उतरवत आहे. १९ जुलैला सकाळी तापमान २५ अंश होते आणि मादी नेहमीप्रमाणे झटके देत होती. २० तारखेला वेटोळे सैल झालेले दिसले आणि दुर्बिणीतून पाहिले तेव्हा दोन अंड्यांना वस्तऱ्याने कापल्यासारख्या चिरा पडल्या होत्या. २१ ला एका चिरेतून नाकाचे टोक बाहेर आले. मी तेथे होतो तेवढा वेळ ते तसेच राहिले, पाऊस वाढला की आत जाई, ओसरला की पुन्हा बाहेर येई. २३ च्या सकाळी मादी तेथे नव्हती. पिल्ले तीन-चार दिवस बिळाच्या तोंडाशी ये-जा करत होती. एकदा मी सात मोजली, पण ती तीच ती होती की वेगळी, हे सांगता येणार नाही.

आज वनरक्षकांच्या उपस्थितीत रिकामी कवचे पाहिली. एकूण एकवीस होती. त्यांपैकी अठरा चिरलेली, तीन न फुटलेली. ती आम्ही तेथेच ठेवली. मुलांची वाट अजून वळवलेलीच आहे, आणि घोणस व अजगर यांतला फरक शाळेत सांगण्यासाठी ‘दवाखान्यातून’ यांनी लिहिलेला मजकूर गुरुजींनी फळ्यावर उतरवून घेतला आहे. तापमानाची वही शिक्षकमहोदयांना टपालाने पाठवू इच्छितो. पत्ता खासगी निरोपाने कळवावा.